काकू जाग्या असेपर्यंत

अंगात ताप असूनही टिळेकरकाकू गॅलरीतच बसल्या होत्या. त्या आत गेल्या, की सायकलस्वारांच्या फोनमधल्या नकाशावर त्यांची गल्ली लाल होई आणि क्लास सुटलेल्या मुलींना तो ट्रकच्या रस्त्याने पाठवी. वरून जागं माणूस बघत असेल, तीच गल्ली नकाशा सुरक्षित धरायचा. शेजारपाजारच्या गॅलऱ्या काचा लावून कधीच बंद झाल्या होत्या. मागे एकदा काकूंनी साडीच्या दुकानातला जुना पुतळा आणून खुर्चीत बसवला, पण नकाशा काही फसला नाही.

मुली रोज खालून जात. वर कुणी बघत नसे. सगळ्यांची नजर हँडलवरच्या फोनवर. सुरुवातीला काकू हात हलवायच्या, नंतर त्यांनी ते सोडून दिलं.

आज मात्र एक सायकल थांबली. निळ्या स्वेटरमधल्या मुलीने मान वर केली. काकू कठडा धरून उठल्या.

"काकू, गल्ली सारखी लाल होतेय. झोप येतेय का तुम्हाला?"

"डोळा लागला गं जरा. ताप आहे."

"अच्छा. मागून मैत्रिणी येतायत माझ्या. तेवढ्या जाईपर्यंत बसाल?"

"बसते की."

मुलीने पेडल मारलं. मग वळून विचारलं, "आणि उद्या?"

उद्याचं कुणी विचारून फार दिवस झाले होते. "उद्याही बसेन," काकू म्हणाल्या. नाव विचारेपर्यंत ती कोपऱ्यावरून वळलीसुद्धा.

ताप चढत होता. काकूंनी डोळे मिटले नाहीत.