भेटीचा रविवार

“मोहर्लीचा भाऊ आजही नाई आला वाटते,” इंदू जिन्यावरून म्हणाली. बाकीच्या मुली हसल्या.

वच्छलानं तर्कशास्त्राच्या पुस्तकातून मान वर काढली नाही. “त्याले सुट्टी नाई भेटत. जंगलखात्याची नोकरी आहे.”

चांद्याच्या त्या निवासी कॉलेजात रविवारी दुपारी मुलींना भेटायला घरची माणसं येत. आईबाप गेल्यावर मामानं वच्छलाला इथं आणून सोडलं, तो पुन्हा फिरकला नाही. पहिल्याच महिन्यात कोणीतरी घरचं विचारलं आणि तिच्या तोंडून जंगलातल्या मोहर्ली गावचा एक भाऊ निघून गेला. असा भाऊ नव्हताच. पुढं त्याला नोकरी लागली, मिशा आल्या, वाटेत वाघही दिसू लागला.

तिच्या खोलीतली कमळा सिरोंच्याची. मधे नद्या, रस्ता वाईट; तिच्याकडेही वर्षभर कोणी आलं नव्हतं. ती बोलायची कमी. वच्छला भावाबद्दल सांगू लागली की नुसती ऐकायची.

“उद्यापासून परीक्षा. हा शेवटचा रविवार,” इंदू म्हणाली. “आज तरी दाखव तुहा भाऊ.”

वच्छला खोलीत गेली. परीक्षा न देताच निघून जावं, असं तिला वाटलं. पण जायचं कुठं?

तेवढ्यात कमळा बाहेरून आली आणि भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडली.

“खाली जा,” ती म्हणाली. “तुहा भाऊ आला.”

“तू पण थट्टा करतं काय?”

“जा नं.”

भेटीच्या खोलीत एक दणकट माणूस उभा होता, धुळीनं माखलेला. दारात मुलींची गर्दी. वच्छलाचे पाय जागीच थांबले.

“वच्छे, किती वाळली वो तू!” तो म्हणाला.

इंदू पुढं झाली. “भाऊ, मोहर्लीले खरंच वाघ दिसते काय?”

“दिसते तं. रस्त्यातच बसते. म्हणून तं उशीर झाला.”

सगळ्या हसल्या. वच्छलाही हसली. त्यानं चारोळीची पुरचुंडी तिच्या हातात दिली, अभ्यासाचं विचारलं, निघताना डोक्यावर हात ठेवला. ती त्याला पोचवायला फाटकापर्यंत गेली.

मुली मागं राहिल्यावर तिनं हळूच विचारलं, “तुम्ही कोण?”

तो वसतिगृहाच्या वरच्या खिडकीकडे पाहत होता. खिडकी बंद होती.

“मी कमळीचा दादा. मघा इथीच भेटली. म्हणे, दादा, मले नको भेटू, आज तू वच्छलाचा भाऊ हो.”