वेलीची परवानगी

हदगावजवळच्या एका शाळेनं आदिवासी संस्कृती शिकवायला परसबाग केली. शिल्पाबाईंनी फळ्यावर लिहिलं, ‘गोंड लोक वेलीला विचारल्याशिवाय फळ तोडत नाहीत.’ वर्गात गोंड एकटी सगुणा मडावी, किनवटकडची. म्हणून वेलीशी बोलायचं काम तिच्याच गळ्यात पडलं.

तपासणीला साहेब आले आणि बागेतल्या वेलीच्या एकुलत्या एक भोपळ्यावर त्यांचा जीव जडला. “तोडा. फोटो काढू, मग घरी नेतो.”

सगुणा वेलीशी वाकून गोंडीत काहीतरी पुटपुटली.

“न्हाई म्हणती, सर.”

“अगं, साहेब आलेत म्हणावं!” हेडमास्तर घामाघूम.

“सांगितलं. कोण साहेब, म्हणती.”

मग साहेब स्वतःच मातीत उकिडवे बसले. त्यांनी वेलीला नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, बदली अडकल्याचंही सांगितलं.

“इचार करून राहिली,” सगुणा म्हणाली. “पुढच्या खेपेला या, म्हणती.”

साहेबांनी वेलीला हात जोडले आणि ते रिकाम्या हातानं गाडीत बसले.

गाडी फाटकाबाहेर पडल्यावर शिल्पाबाईंनी हळूच विचारलं, “सगुणा, वेल नेमकं काय बोलली गं?”

“वेल कुठं बोलती, बाई? पहिलं फळ बियाला ठेवत्यात. पण हे मी म्हणलं असतं, तर साहेबांनी ऐकलं असतं का?”