पाणी, पंखा, दुखतंय

बत्तीस वर्षं त्यांनी छापखान्यात पुस्तकांची पानं मांडली. मग पक्षाघाताने उजवा हात गेला आणि त्याबरोबर वाचाही गेली. तीन महिने झाले, घरात त्यांचा एक शब्द ऐकू आला नव्हता.

"बोलता येत नसेल तर सध्या बोट ठेवून तरी मागू द्या," असं उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या, म्हणून बायकोने लेकीच्या कॉम्प्युटरवर एक तक्ता केला. पाणी, पंखा, दुखतंय, बाथरूम. प्रत्येक शब्दाच्या अक्षरांचं वळण वेगळं, रंग वेगळा आणि चारी बाजूंनी फुलांची महिरप. एकेक अक्षर शोधत टाइप करण्यात तिची अख्खी दुपार गेली.

आठवडाभर ती रोज तो तक्ता समोर धरायची आणि ते डोळे मिटून घ्यायचे.

"आई, बाबांना नाही समजत आता. किती दमलीस तू, राहू दे," लेक म्हणाली.

"दमलेय खरी," ती म्हणाली आणि पुन्हा उशाशी जाऊन बसली.

आज त्यांनी डावा हात उचलला. बोट तक्त्यावरून फिरलं, पण कुठल्याच शब्दावर टेकेना.

"पाणी हवंय का? अहो, कुठे दुखतंय का?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ वाकडे झाले आणि घशातून खरखरीत आवाज आला.


"एवढे... फॉन्ट... कशाला?"