जिवंत डोळा

नर्सने लायलच्या डाव्या डोळ्यात थेंब टाकले. कॅमेरावाल्याला चकाकी कमी वाटली, म्हणून आणखी टाकले. ते गालावरून ओघळले, तशी हॉस्पिटलची प्रसिद्धी सांभाळणारी शेल्बी ओरडली, "पुसू नका! रडल्यासारखं दिसतंय. झकास!"

ट्रकचं टायर तोंडावर फुटून डोळा गेला, तेव्हाही लायलला इतकी किळस आली नव्हती.

हा डोळा कोडी रीडनर नावाच्या वीस वर्षांच्या पोराचा. त्याचा मेंदू मृत ठरल्यावर हा डोळा पापण्यांसकट अख्खा लायलला बसवला, त्याला वर्ष होत आलं. रक्त खेळत होतं, बुबुळ निळंशार होतं. दिसत मात्र काही नव्हतं, आणि पापणी मिटत नव्हती. झोपताना चिकटपट्टी लावावी लागे.

आज कोडीची आई पहिल्यांदाच भेटायला येत होती. केंटकीहून सात तास गाडी चालवून. शेल्बीने तिची खुर्ची मुद्दाम लायलच्या डावीकडे मांडली.

"मान वळवू नका हं, डोळा कॅमेऱ्यात यायला हवा. आणि बाईंनी विचारलंच, तर थोडा उजेड जाणवतो म्हणा. तुमचं काय जातंय?"

डॉक्टर शेजारीच उभे होते. त्यांनी ऐकलं आणि मोबाइल बघायला लागले.

ओपल रीडनर आली, बसली. पोराच्या आवडीच्या कुकीजचा डबा तिने पुढे केला. लायलला तो दिसलाच नाही. डबा हातातच राहिला.

"मी दिसते का रे, बाळा?"

"डोळा जिवंत आहे, ओपल," डॉक्टर घाईने म्हणाले. "हेच केवढं मोठं यश..."

"तुम्हाला नाही विचारलं."

लायलने मान वळवली आणि स्वतःच्या, उजव्या डोळ्याने तिच्याकडे बघितलं.

"नाही, मॅडम. याला अंधारसुद्धा दिसत नाही. दिसतं म्हणून सांगा, असं शिकवलं होतं मला."

शेल्बीने कॅमेरा बंद करायला सांगितलं. कॅमेरावाल्याने तो चालूच ठेवला.

ओपलने डबा मांडीवर ठेवला. "श्वासाचं मशीन चालू असतानाच त्याला अवयव काढायला आत नेलं. नंतर बघितली ती बंद शवपेटीच. त्याचे डोळे मिटवायचे राहिले रे माझ्याकडून." ती थांबली. "मिटवू?"

लायलने चेहरा पुढे केला.

तिने दोन बोटांनी पापणी अलगद खाली ओढली. बोटं काढली की ती पुन्हा उघडत होती. म्हणून तिने ती काढलीच नाहीत.