चौघांचं टेबल

"चौघांचं घ्या काका, दोन हजारांनी स्वस्त पडेल," दुकानदार म्हणाला आणि रमाकांतराव विरघळले. रविवारच्या रमीला ते धरून मित्र पाच, पण पाचही क्वचितच जमत. निमकरांना गुडघ्यांमुळे सतरंजीवर बसवत नसे, म्हणून तर हे पत्त्यांचं टेबल.

रविवारी निमकर काठी टेकत जरा उशिराच आले. चारही खुर्च्या भरलेल्या होत्या. सतरंजीवर असते तर सगळे नुसते सरकले असते. रमाकांतरावांचा डाव लागत आला होता. एवढा संपला की उठू, असं त्यांनी ठरवलं.

डाव जिंकून त्यांनी मान वर केली, तेव्हा निमकर दारात चपला घालत होते.

पुढच्या रविवारी रमाकांतरावांनी फोन केला.

"टेबल छान घेतलंस," निमकर म्हणाले. "आता चौघंच खेळा."

ते कुणाच्या गुडघ्यांसाठी घेतलं होतं, हे सांगायला रमाकांतरावांची जीभ रेटेना.