हरतालिकेचा घोट

हरतालिकेच्या दुपारी इंदुमतीने नवऱ्यापुढे मऊ भात ठेवला. सकाळचा चहा त्यांनी टाळलाच होता. वामनराव ताठ बसले, हनुवटी खाली घेतली, पण घास तोंडातच राहिला.

वामनरावांचा घसा आपणहून गिळत नसे; ऑपरेशनऐवजी डॉक्टरांनी दोघांच्या गळ्यावर जोडपट्ट्या चिकटवल्या होत्या. बायकोने गिळलं की त्यांच्याही घशाला गिळता येई. म्हणून रोज ती समोर बसून जेवायची. आज तिचा निर्जळी उपास होता.

वामनरावांनी घास ताटात टाकला. “उपास कुणासाठी धरलायस, इंदू?”

“तुमचा घसा बरा व्हावा म्हणून,” म्हणता म्हणता ती थबकली.

मग देवीला हात जोडून तिने पाण्याचा पेला उचलला.

“घ्या घास,” ती म्हणाली, “मी गिळतेय.”