ह्यांच्या वाटणीचं धपाटं

“आमच्या घरात एक शित वाया जात न्हाय, आण्णासाहेब,” रणधीर छाती पुढं काढून म्हणाला, आणि वरण वाढणाऱ्या शिवलीलाचा हात जागीच थांबला.

जवळच्याच वाशी गावचे आण्णासाहेब तिच्या नणंदेला, अर्पिताला, आपल्या मुलासाठी मागणी घालायला आले होते. मुलगी पसंत होती. पण पानावर बसताना त्यांनी मनातलं सांगून टाकलं. “मागं एका ठिकाणी सगळं जुळलं व्हतं. हात धुवायला परसात गेलो, तर पिंपभर पोळ्या अन् भात टाकलेला. तसाच उठून आलो. जिथं अन्नाची कदर न्हाय, तिथली सोयरीक नको मला.” त्यावर रणधीरचं हे उत्तर.

शिवलीलानं नवऱ्याकडं पाहिलं. परंड्यात टाइल्सचं दुकान टाकल्यापासून ह्याला सकाळची भाजी सांजच्याला चालत नव्हती. पोळी गार झाली की बाजूला. तीन भाज्या केल्या तर दोन तशाच. घंटागाडीत बादली रिकामी करताना शेजारणी बघतील म्हणून ती रोज वर कागद झाकायची.

ते सगळं तिनं गिळलं होतं. कालचं गिळवत नव्हतं.

काल तिचे वडील, दगडोबा, येडशीहून आले होते. शेरडं शेजाऱ्याच्या हवाली करून, एसट्या बदलत. आईनं पहाटे उठून केलेले धपाटे फडक्यात बांधून. रणधीरनं फडकं सोडलं, नाकाशी धरलं. “मामा, शेरडांचा वास येतोय ह्याला. आमच्यात न्हाय खात कुणी असलं,” म्हणाला, आणि म्हाताऱ्याच्या देखत सगळे धपाटे ओल्या कचऱ्याच्या बादलीत उपडे केले. दगडोबांनी रिकामं फडकं झटकलं, घडी घालून खिशात ठेवलं. “म्हातारीला सांगतो, पुन्यांदा करू नको म्हणून,” एवढंच बोलले आणि पाणीही न पिता स्टँडकडं निघाले.

ते दिसेनासे झाल्यावर शिवलीलानं बादलीत हात घातला होता. कशासाठी, ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं. आता आलं असतं.

वरणाचं पातेलं खाली ठेवून ती स्वयंपाकघरात गेली. फ्रिजच्या तळातला डबा काढला. वरचं धपाटं तव्यावर टाकलं. तूप नाही, तेल नाही. तापल्यावर कांद्याच्या सालींचा आंबूस वास वर आला. कडेला चहाचा चोथा चिकटलेला होता. तो तिनं तसाच राहू दिला.

बाहेर येऊन तिनं ते रणधीरच्या ताटात, श्रीखंडाच्या शेजारी ठेवलं.

“हे काय?”

“कालचं हाय. आमच्या आप्पांनी आणलेलं. वाया जाऊ ने म्हणून ठिवलं तुमच्यासाठी.”

रणधीरनं ते उलटून पाहिलं. चोथा दिसला. त्यानं मान वर केली, तेव्हा ती हसऱ्या चेहऱ्यानं त्याच्याकडंच बघत होती.

“वा!” आण्णासाहेब खूश झाले. “श्रीखंड समोर असताना शिळं खाणारा माणूस आज बघितला. मला बी वाढ की पोरी एक. धपाटं म्हणजे माझा जीव.”

 शिवलीलाचा आवाज हलला नाही. “तुमाला ताजे करून देते, आण्णासाहेब. हे ह्यांच्या वाटणीचं हाय.”

सगळे हसले. रणधीरलाही हसावं लागलं. मग त्यानं घास मोडला. तो त्याच्या घशाखाली उतरेपर्यंत ती हलली नाही. दुसऱ्या घासाला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं तांब्याकडं हात नेला, तर तिनं तांब्या उचलून आधी पाहुण्यांना पाणी दिलं. शेवटच्या तुकड्यापर्यंत तिनं त्याच्या तोंडावरची नजर काढली नाही. ह्या घरात आल्यापासून एवढं पोटभर तिला कधी वाटलं नव्हतं.

“घर पसंत,” आण्णासाहेब म्हणाले. नारळ दिला, सुपारी फुटली. साखरपुड्याचं ठरवून पाहुणे गेले.

गाडी वळताच रणधीर स्वयंपाकघरात शिरला. “उकिरड्यातलं घातलंस मला?”

“बादलीत कुणी टाकलं व्हतं?”

“बाकीचे आत्ताच्या आत्ता फेक.”

“फेकत न्हाय कुणी ह्या घरात. तुमीच सांगितलं पाव्हण्याला. सांजच्याला एक देते, सकाळच्याला एक.”

“अन् न्हाय खाल्लं तर?”

“नका खाऊ. वाशी काय लांब हाय?”

रणधीरनं हात उचलला. तेवढ्यात अर्पिता आत आली. नवी साडी अंगावर, ओटीतला नारळ दोन्ही हातांनी धरलेला. “वहिनी, तुमच्यामुळं जमलं,” ती म्हणाली आणि शिवलीलाच्या गळ्यात पडली. तिच्या खांद्यावरून शिवलीला नवऱ्याकडं बघत राहिली. त्याचा हात हळूहळू खाली आला.

अर्पिता बाहेर गेल्यावर शिवलीलानं आपलं ताट वाढून घेतलं. पुऱ्या, मसालेभात, दोन्ही भाज्या, श्रीखंडाची वाटी काठोकाठ. रणधीर दारातच उभा होता. त्याच्यासमोर ती सावकाश जेवली. ताट निम्मं संपलं, तेव्हा तिचं पोट भरलं. उरलेल्या ताटाकडं ती जराशी बघत बसली. मग तिनं तांब्या उचलला, आणि भातावर, श्रीखंडावर पाणी ओतत ताटातच हात धुतला.